घाम येत नाही, म्हणून अंग तापतं

प्रश्न : माझा लहान भाऊ परांचीवरून पडला, मानेत सी ६ ला, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याला इंज्युरी, आता व्हीलचेअरवर असतो. आम्ही कळव्याला टॉप फ्लोअरला राहतो, वर डायरेक्ट गच्ची. दुपारी त्याचं अंग तापतं, थर्मामीटर १०१ दाखवतो, पॅरासिटामॉल देऊनही उतरत नाही. नागपूरची मावशी म्हणते कूलर घ्या. ऑनलाइन भिजवून घालायचं कूलिंग जॅकेट आणि फॅनवाली सीट पण बघितली. नक्की काय घेऊ?
– एक बहीण, कळवा

उत्तर : ताई, आधी तापाचं बोलू. मानेत मज्जारज्जूला इंज्युरी झाली की मेंदूचा ‘घाम सोड’ हा निरोप खाली पोचतच नाही, त्यामुळे बहुतेक अंगाला घामच येत नाही आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्याही हव्या तशा उघडत नाहीत, मग खोली जशी तापेल तसा माणूस तापतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इंज्युरी असेल तर हा त्रास जास्त. असं चढलेलं टेंपरेचर पॅरासिटामॉलने उतरत नाही, कारण तो ताप नाहीच. गार खोलीत तासाभरात उतरलं तर बहुतेक उकाड्याचं, नाही उतरलं किंवा लघवी गढूळ, वास येणारी असेल तर युरिन इन्फेक्शन असू शकतं, लगेच डॉक्टरकडे न्या. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर तेही विचारून घ्या, त्याने उरलासुरला घामही कमी होतो.

मावशींचं नागपुरात बरोबर आहे हो, तिथे हवा कोरडी. आपल्याकडे खाडी शेजारी, मे महिन्यात टॉवेल वाळत नाही तिथे कूलर काय करणार, खोली अजून चिकट होते. भिजवायच्या जॅकेटचंही तेच, पाणी उडालं तरच गारवा, आणि दमट हवेत ते उडतं कमी. त्यापेक्षा फेज चेंजवालं जॅकेट बघा, त्यात साधारण १५ डिग्रीला वितळणारी पाकिटं असतात, वितळताना ती अंगातली उष्णता ओढून घेतात, हवा दमट असो वा कोरडी. संपली की बर्फाच्या पाण्यात किंवा फ्रीजमध्ये परत गोठवायची, म्हणून दोन सेट असलेले बरे. किमतीला महाग आहेत हे खरं.

तोपर्यंत स्प्रे बाटली! व्हीलचेअर रग्बी खेळणारेही तेच करतात. चेहरा, मान, हात ओले करायचे आणि समोर फॅन ठेवायचा, म्हणजे घामाचं काम पाणी करतं. दमट हवेत तेही कमी उडतं, पण उघड्या अंगावर फॅनचा वारा असला की थोडं तरी उडतं. कोरड्या अंगावर नुसता फॅन लावून ४० डिग्रीत उपयोग नाही, उलट गरम हवाच अंगावर येते.

बर्फ किंवा जेल पॅक डायरेक्ट कातडीवर कधीच नको. त्याला गार लागलेलं कळणारच नाही आणि तिथे जखम होऊ शकते, ती भरायला महिने लागतात. मध्ये कॉटनचा टीशर्ट हवा, आणि दर थोड्या वेळाने कपडा वर करून कातडी लाल किंवा पांढरी पडलीय का ते डोळ्यांनी बघा.

फॅनवाली सीट राहू दे. घामच नाही तर वारा वाळवणार काय, आणि प्रेशर सोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) टाळायच्या कुशनवर ती गादी टाकली की कुशनचा उपयोग गेला.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, परत परत लावायला नको म्हणून बरेच जण पाणीच कमी पितात, त्याचं तसं होतंय का बघा. आणि बोलणं अडखळायला लागलं, गुंगी आली, उलट्या झाल्या तर जॅकेट वगैरे शोधत बसू नका, अंग ओलं करा, फॅन लावा आणि १०८ ला फोन करा.