पडदा ओढून घ्यायला सांगा
(वाचकांचे आरोग्यप्रश्न)

प्रश्न : माझं वय ५२. जिना चढताना धाप लागते, छातीवर दडपण येतं. डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला. तिथे पुरुष तंत्रज्ञ होता. तो ‘ब्लाऊज काढा’ म्हणाल्यावर मी ‘नंतर येते’ सांगून घरी आले. बाईच हवी असं म्हणता येतं का? कपडे न काढता ईसीजी निघत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाईच हवी असं जरूर म्हणा, पण ईसीजी लांबवू नका. तुमची लक्षणं थांबण्यासारखी नाहीत, उद्याच जा. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून ‘ईसीजी काढायला सिस्टर कधी असतात?’ एवढं विचारा. टेबलावर झोपल्यावर केलेली विनंती पुरी होणं अवघड असतं, फोनवरची बहुतेक वेळा होते.

आता कपड्यांचं. साडी सोडावी लागत नाही. ब्लाऊजचे हूक सोडावे लागतात आणि ब्रा काढावी लागते, याला इलाज नाही. चार क्लिपा मनगटांना आणि घोट्यांना लागतात, त्यांची अडचण नसते. उरलेले सहा फुगे, म्हणजे त्वचेला चिकटणारे रबरी फुग्यांचे जोड, छातीवर बसतात. पहिले दोन छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, चौथ्या फासळीच्या खालच्या फटीत. चौथा स्तनाच्या खाली, पाचव्या फासळीच्या खालच्या फटीत. तिसरा दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध. पाचवा आणि सहावा चौथ्याच्याच रेषेत काखेकडे. संकोचापोटी ब्रा तशीच ठेवली की हे फुगे वर सरकतात. मग आलेख बिघडतो, आणि कधी कधी पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यासारखा दिसतो. त्यातून नको ती भीती आणि नको त्या तपासण्या मागे लागतात.

पण छाती उघडी पडून राहण्याची काहीच गरज नाही. फुगे बसले की वरून चादर किंवा तुमचाच पदर घेता येतो, आलेखावर त्याचा परिणाम होत नाही. स्तन उचलून धरायचा असेल तर ‘मी धरते’ म्हणा. चांगले तंत्रज्ञ स्वतःच तसं सांगतात. आलेखाची नोंद साधारण दहा सेकंदांची असते. मांडामांड धरून सगळं पाच-सात मिनिटांत आटोपतं. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा कुर्ता घालून गेलात तर आणखी सोपं.

हक्काचं म्हणाल, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे आहे : पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करत असेल, तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी, आणि ती व्यवस्था रुग्णालयाने करायची. महाराष्ट्रात २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ती भिंतीवर दिसली नाही तर विचारा. मात्र फरक ध्यानात ठेवा. सोबत बाई असणं हा हक्क आहे. तपासणारी बाईच मिळणं ही विनंती आहे, ती मनुष्यबळ असेल तशी पुरी होते. सोबतची बाई पडद्याच्या आत, तुमच्या डोक्याशी उभी हवी. पडद्याबाहेर उभ्या असलेल्या मावशींचा उपयोग नाही. नात्यातली बाई चालते, पण सिस्टर बऱ्या, कारण तपासणीत काय व्हायला हवं आणि काय नको हे त्यांना कळतं.

एक अपवाद आम्ही ठासून सांगतो. छातीत दुखून घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर समोर कोण आहे हे पाहू नका. अशा वेळी रुग्णालयात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा.

ही मागणी करताना आपण फार नाजूकपणा करतोय असं वाटून घेऊ नका. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झालं ते बायकांसाठी बायकांनीच चालवायचं म्हणून. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका तेव्हा घरोघर होत्या.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. प्रोस्टेटमुळे लघवी अडकते. मागच्या वेळी सिस्टरनी नळी घातली. तेव्हापासून ‘मेलो तरी चालेल, पण पुन्हा तिथे नेऊ नका’ म्हणतात. पुरुषांनी हे बोलायचं कुठे?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : बोलायचं भरतीच्या टेबलावर, आणि वडिलांच्या वतीने तुम्ही. ‘कॅथेटर ब्रदर किंवा डॉक्टर घालतील का?’ असं सरळ विचारा. पुरुषांच्या लाजेची दखल आपल्याकडे फारच कमी घेतली जाते. म्हाताऱ्या माणसाला कसली लाज, असं धरून चालतात, ते चूक आहे.

वडिलांना काय घडतं ते आधी समजावून सांगा. भोक असलेलं निर्जंतुक कापड अंथरतात, म्हणजे तेवढाच भाग उघडा राहतो. मग बधिर करणारी जेली मूत्रमार्गात सोडतात आणि तीन ते पाच मिनिटं थांबतात. घाईत ही मिनिटं गाळली तर दुखतं. ‘जेली मुरू द्या’ असं म्हणायला हरकत नाही. मोठ्या पुरुषांना बहुधा १४ किंवा १६ नंबरची नळी लागते. लाजेने अंग आवळून घेतलं की मूत्रमार्गाचा स्नायूही आवळतो आणि नळी अडते, म्हणून लांब श्वास सोडायचा. लघवी येताना दिसल्यावरच आतला फुगा पाण्याने भरायचा असतो, नाहीतर मूत्रमार्गाला इजा होते. शेवटी शिश्नाच्या टोकावरून मागे घेतलेली त्वचा पुढे आणायची. ती तशीच राहिली तर सूज येऊन अडकते.

बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती लघवी आपोआप गळते त्यांच्यासाठी. अडकलेल्या लघवीला तिचा उपयोग नाही, आणि लघवी तुंबून राहिली तर मूत्रपिंडं खराब होतात. घरी आल्यावर नळीभोवतीची रोजची साबण-पाण्याची स्वच्छता तुम्ही किंवा ते स्वतः करू शकतात. नळीला जोडलेली लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, लग्न झालेलं नाही. पाळी अनियमित आहे. ‘आतली सोनोग्राफी’ करतील का, याची तिला भीती वाटते.
– एक आई, पुणे

उत्तर : पोटावरून होणारी सोनोग्राफी अशा तक्रारीला सहसा पुरते. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. मूत्राशय भरलेलं नसेल तर गर्भाशय आणि बीजकोश नीट दिसत नाहीत, आणि मग ‘आतून’, म्हणजे योनीमार्गातून, ‘करू या’ हा प्रश्न निघतो. म्हणून पाण्यात कसूर नको.

‘लग्न झालंय का?’ असं विचारतात तेव्हा शरीरसंबंध आले आहेत का, हे विचारायचं असतं. ते मुलीला एकटीला, आई बाहेर असताना विचारावं. ती १९ वर्षांची आहे, संमती तिची स्वतःची लागते. तुमचा होकार तिच्या जागी चालत नाही. तिने नको म्हटलं तर आतून करता येत नाही.

प्रश्न : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आतून तपासणी होते, तेव्हा सात-आठ विद्यार्थी भोवती उभे असतात. नको म्हटलं तर उपचार थांबतील का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, थांबवता येत नाहीत. ‘तपासणी डॉक्टरांनी करावी, विद्यार्थी नकोत’ किंवा ‘फक्त दोन विद्यार्थिनी चालतील’, असं स्पष्ट सांगा. शस्त्रक्रिया असेल तर हेच संमतिपत्रावर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्या, कारण भूल दिल्यावर तुम्हाला काही सांगता येणार नाही. त्याच वेळी केस काढण्याचंही विचारा. वस्तऱ्याने त्वचेला बारीक चिरा पडून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच वस्तरा नको असं सांगितलं आहे. गरज असेल तरच क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने, काढतात. बऱ्याचदा काढायची गरजच नसते.