टिपलेल्या नेटवर्क वाहतुकीतून फाइल कशी काढावी?

प्रश्न : वायरशार्क या नेटवर्क-विश्लेषक सॉफ्टवेअरने टिपलेल्या नोंदीत एका जेपीईजी छायाचित्राचे हस्तांतरण दिसते. ते पुन्हा फाइल म्हणून मिळवता येईल का?

उत्तर : हस्तांतरण साध्या (कूटबद्ध नसलेल्या) एचटीटीपीवरून झाले असेल, तर 'फाइल' मेनूतील 'एक्सपोर्ट ऑब्जेक्ट्स' पुरेसे आहे. प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाची पद्धत) अनोळखी असल्यास मात्र 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' उघडून, एकाच दिशेचा प्रवाह निवडून (हेच बहुतेक जण विसरतात) तो 'रॉ' (मूळ बाइट जसेच्या तसे) स्वरूपात साठवावा आणि हेक्स संपादकात (फाइलमधील बाइट दाखवणाऱ्या साधनात) जेपीईजीच्या आरंभीच्या एफएफ डी८ या खुणेपासून अखेरच्या एफएफ डी९ या खुणेपर्यंतचा भाग कापून घ्यावा. छायाचित्रात लघुप्रतिमा दडलेली असल्यास एफएफ डी९ आधीही भेटते. तेथे थांबू नये. एचटीटीपीएस (कूटबद्ध एचटीटीपी) असेल, तर ते उलगडणाऱ्या सत्राच्या किल्ल्या सहसा हस्तांतरणाच्या वेळीच नोंदवलेल्या असाव्या लागतात; एरवी केवळ नोंदीवरून छायाचित्र मिळण्याची आशा ठेवू नये.