विहीर त्याच्या गटात म्हणून पाणीही त्याचंच का?

एप्रिल उजाडला की कायद्याच्या सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो, पाणी. यावेळी आलेल्या प्रश्नांत तीन पाण्याचे शेतातले आणि एक फ्लॅटमधला, तर या महिन्यात फक्त हेच.

प्रश्न : आजोबांची एकच विहीर. 1988 ला वडील आणि दोन चुलत्यांच्या वाटण्या झाल्या, विहीर थोरल्या काकांच्या गटात गेली पण पाणी तिघंही पाळीनं घ्यायचे, दोन दोन दिवस, आणि रविवार ज्याला गरज असेल त्याला. काका वारले. आता चुलत भाऊ म्हणतो सातबारा माझा, विहीर माझी. दिवाळीत त्यानं आमची मोटर काढून बांधावर आणून ठेवली. डाळिंब जळायला लागलंय. तलाठी म्हणतात कोर्टात जा, गावातले म्हणतात तहसीलदाराकडे जा. नक्की कुठं जायचं? (सांगोला तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : दादा, दोन्हीकडे, पण आधी तहसीलदाराकडे आणि तेही या आठवड्यात, कारण तुमची मुदत संपत आलीय.

जमीन कुणाची, विहिरीतलं पाणी कुणाचं आणि ते पाणी न्यायची वाट कुणाची, हे तीन वेगळे हक्क आहेत. भावकीतली निम्मी भांडणं या तिन्हींची खिचडी केल्यामुळे होतात. चुलत भावाच्या सातबाऱ्यावर गट त्याचा आहे, बरोबर, पण त्यावरून तुमचा पाळीचा हक्क गेला असं होत नाही.

आता तहसीलदाराचं. मामलेदार (म्हणजे आताचे तहसीलदार) न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. लोकांना वाटतं हे कलम फक्त अडवलेल्या रस्त्यासाठी आहे. तसं नाहीये, शेतीसाठी वापरात असलेल्या विहिरीचं, तळ्याचं, पाटाचं पाणी कुणी कायदेशीर मार्गानं न जाता परस्पर बंद केलं तर ते पुन्हा चालू करून द्यायचा अधिकार याच कलमात तहसीलदाराला दिलाय. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो आणि हे सहा महिने मोटर काढली त्या दिवसापासून मोजायचे, म्हणजे दिवाळीपासून. आमच्याकडे माणसं येतात तीच मुळी सातव्या आठव्या महिन्यात, तोवर पाहुणे, पंच, तंटामुक्ती समिती असं सगळं फिरून झालेलं असतं. बैठक जरूर घ्या हो, पण दावा दाखल करून मग घ्या.

तहसीलदार मालकी ठरवत नाहीत. वापर कुणाचा होता आणि कधी तोडला एवढंच बघतात. म्हणून पुरावा वापराचा जमवा, म्हणजे मोटरच्या कनेक्शनची जुनी लाइट बिलं, गाव नमुना 12 मध्ये तुमच्या गटाला सिंचनाचं साधन विहीर लावलंय का त्याचे उतारे, डाळिंबाची पीक नोंद, आणि पाळीचे दिवस माहीत असलेले शेजारपाजारचे दोघं तिघं. निकाल विरोधात गेला तर कलेक्टरकडे फेरतपासणी मागता येते.

हक्काचा कायमचा निकाल मात्र दिवाणी कोर्टात. तिथं सगळ्यात आधी 1988 चं वाटणीपत्र आणि त्यावरून पडलेला फेरफार काढा. त्यात "विहिरीत तिघांचा समान हिस्सा" असं एक वाक्य असलं तरी तुम्ही विहिरीचे सहमालक, विषय तिथंच संपतो. नसलं तरी घाबरू नका. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 (म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा) याच्या कलम 13 मध्ये वाटणीच्या वेळी जो वापर गरजेचा होता तो वाटणीनंतर चालू राहतो अशी सोय आहे, आणि कलम 15 मध्ये 20 वर्षं उघडपणे, न थांबता, हक्कानं केलेल्या वापराचा हक्क तयार होतो. यात एक खाच आहे, ती 20 वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. म्हणजे पाणी तोडल्यावर तीन वर्षं नुसतं बोलणं टाकून बसलात तर आधीची तीस वर्षं या कलमाखाली उपयोगाची नाहीत. वकिलाला अजून एक सांगा, "विहीर आमची पण आहे" आणि "त्याच्या विहिरीवर आमची वहिवाट आहे" हे एकाच दमात नको. स्वतःच्याच वस्तूवर वहिवाटीचा हक्क नसतो, समोरचा वकील पहिला बोट तिथंच ठेवतो. मुख्य मागणी कुठली आणि ती नाहीच टिकली तर पर्यायी कुठली, हे दाव्यात वेगळं वेगळं मांडायचं.

प्रश्न : माझी विहीर ओढ्याच्या कडेला, शेत वर दोन गट सोडून. मधल्या शेतकऱ्याला पाइपलाइन नेऊ दे म्हटलं तर सरळ नाही म्हणतो. त्याची परवानगी लागतेच का? (सिन्नरहून एक वाचक)

उत्तर : त्याची मिळाली तर उत्तम, कागदावर लिहून घ्या. नाही मिळाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 49 खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. तुमच्या हक्काच्या पाण्याच्या ठिकाणाहून शेतीसाठी पाणी न्यायचंय आणि शेजाऱ्याशी जमत नाहीये, एवढं दाखवायचं. तहसीलदार त्याचं म्हणणं ऐकून, जागा बघून आदेश देतात. पाइप जमिनीखालून असेल तर निदान अर्धा मीटर खोल आणि होईल तेवढ्या जवळच्या वाटेनं, उघडी चारी असेल तर रुंदी दीड मीटरच्या वर नाही. खोदताना नुकसान झालं तर भरपाई तुम्ही द्यायची, चर बुजवून जमीन होती तशी करून द्यायची.

भाडंही द्यावं लागतं, आणि इथं कायद्याची गंमत बघा, जमिनीखालच्या पाइपला दर 10 मीटरला 25 पैसे! पावली 2011 मध्येच चलनातून गेली, कलमात मात्र अजून खणखणतेय. म्हणूनच मधला शेतकरी चिडतो आणि त्याचं फार चूक आहे असं मला वाटत नाही. त्याचं पीक निघाल्यावर खोदाई करा, उरलेलं पाणी त्याला द्यायची तयारी दाखवा, कलम 49 ची वेळच येणार नाही कदाचित.

प्रश्न : मेंटेनन्सवरून सोसायटीशी वाद आहे म्हणून मी चार महिने पैसे भरले नाहीत. कमिटीनं गच्चीवरचा माझ्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद केला. असं करता येतं का? आणि पाण्याचं बिल फ्लॅटच्या चौरस फुटांवर लावायचं असतं का? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : नाही. ताई, थकबाकी वसुलीचा रस्ता सहकार कायद्याचं कलम 154ब-29, तिथून वसुली दाखला घ्यायचा, व्हॉल्व्ह पिळायचा नाही. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम 1963 च्या कलम 12अ प्रमाणे बिल्डर असो नाहीतर कमिटीवाले, सबळ कारणाशिवाय पाणी, वीज असल्या अत्यावश्यक सेवा तोडणं गुन्हा आहे. व्हॉल्व्हचा तारखेसकट फोटो काढा, कमिटीला लेखी द्या आणि पोच घ्या. पण पैसे भरा हं आधी, "वाद राखून" असं लिहून भरा, नाहीतर तुम्हीच त्यांच्या हातात कारण देताय. आणि तुम्ही विचारलंय ते पाण्याचं बिल, ते आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) फ्लॅटच्या चौरस फुटांवर नाही तर फ्लॅटमधले नळ किती आणि किती इंची यावर वाटायचं असतं, बहुतेक सोसायट्या सरसकट लावतात.

प्रश्न : शेजाऱ्यानं माझ्या विहिरीपासून साठ फुटांवर चारशे फूट बोअर मारला. महिन्याभरात माझी विहीर कोरडी. नुकसानभरपाई मिळेल? (अहिल्यानगर जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर : काका, तोंडावर सांगतो, भरपाई मिळणं फार अवघड आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वाहत्या ओढ्याच्या पाण्याला संरक्षण आहे, पण जमिनीखाली झिरपणारं, ठरलेली वाट नसलेलं पाणी ज्याच्या जमिनीत सापडेल त्यानं घ्यावं असंच धरलंय. खडकात काय चाललंय ते तेव्हा कुणाला दिसत नव्हतं आणि चारशे फुटांचा बोअर तर स्वप्नातही नव्हता.

तरी दोन गोष्टी तपासा. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009, जो 2014 मध्ये लागू झाला, त्यात 60 मीटर किंवा जास्त खोलीची विहीर म्हणजे खोल विहीर आणि अधिसूचित क्षेत्रात (भूजल जपण्यासाठी सरकारनं जाहीर केलेल्या भागात) ती घ्यायला बंदी. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट, शेजारी त्याच्या दुप्पट गेलाय. तुमचं गाव अधिसूचित आहे का ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात कळेल. दुसरं, गावच्या नळयोजनेची विहीर तुमच्या शिवारात आहे का? पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत शेतीसाठी परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम 1993 च्या भूजल कायद्यापासूनचा. तसं निघालं तर भांडण तुमचं एकट्याचं राहत नाही, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन तहसीलदारांना अर्ज द्या. आणि हो, बोअरची खोली तोंडी सांगू नका, रिगवाल्याचं बिल किंवा केसिंग टाकताना बघितलेला माणूस मिळतोय का ते आधी बघा.