आईच्या विड्या आणि तुमची पेन्शन

ताई,

माहेर निपाणी, सासर बेळगाव, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तुम्ही हिशेब बघता. वय 52. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, 14 लाख जमलेत, त्यातले निम्मे शेअर्सच्या, म्हणजे ई पर्यायात. मांडीवर सूप घेऊन जन्मभर विड्या वळणारी आई दम्यानं गेली, म्हणून तंबाखूत आपला पैसा नको. तेव्हा एनपीएस मोडून सगळं ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणाऱ्या म्युच्युअल फंडात घालू का, असं विचारलंय.

एनपीएस मोडू नका. आत्ता मुदतीआधी बाहेर पडलात तर 80 टक्के रकमेची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारी पेन्शन, घ्यावी लागेल. हातात येतील 2 लाख 80 हजार, आणि ईएसजी फंडात जातील तेवढेच.

पण तुमचं म्हणणं मी भावनेचं म्हणून बाजूला ठेवणार नाही. निपाणीत तंबाखूवर घरं चालली आणि त्याच तंबाखूनं छात्याही पोखरल्या, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ई पर्यायातला पैसा मुख्यतः मोठ्या कंपन्यांत जातो, आणि सिगारेट बनवणारी आयटीसी निफ्टी 50 या पन्नास बड्या कंपन्यांच्या यादीतच आहे. तुमच्या पेन्शन फंडाची गुंतवणूक यादी त्याच्या संकेतस्थळावर मिळते, ती स्वतः बघा. एखादी कंपनी वगळा, असं मात्र त्यांना सांगता येत नाही. करता येतं ते एवढंच: ई कमी करून जी, म्हणजे सरकारी रोखे, वाढवायचे. वर्षातून चार वेळा हा बदल करता येतो, त्यावर कर नाही. मी ई 50 वरून 25 टक्क्यांवर आणेन. साठीला आठच वर्षं राहिलीत, त्यामुळे तसंही ते करायलाच हवं. उरलेल्या 25 मधला तंबाखूचा अंशही टोचत असेल तर शून्य करा, पण मग महागाईला पुरं पडण्यासाठी दरमहा जास्त बाजूला काढावं लागेल.

ही जादा बचत, समजा महिना 3,000, ईएसजी फंडात जरूर घाला. फक्त नाव नीट वाचा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं जुलै 2023 मध्ये अशा फंडांचे सहा प्रकार ठरवले आणि प्रकार नावातच द्यायला लावला. तुम्हाला हवा तो 'एक्सक्लूजनरी', म्हणजे ठरावीक धंदे बाहेर ठेवणारा. 'इंटिग्रेशन' किंवा 'बेस्ट इन क्लास' असेल तर तंबाखूवाली कंपनीही आत बसू शकते, कारण पाणी वाचवलं, कचरा नीट हाताळला की तिलाही गुण मिळतात. एक्सक्लूजनरीतही कोणते धंदे वगळलेत ते योजनेच्या माहितीपत्रकात तपासा, तंबाखू हा शब्द तिथे दिसलाच पाहिजे. विकताना, वर्षाहून जुन्या युनिट्सचा नफा वर्षाला सव्वा लाखावर गेला की वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर आहे.

आणखी एक. साठीला ॲन्युइटी घ्याल तेव्हा ते पैसे विमा कंपनीकडे जातील, आणि आयटीसीच्या सर्वांत मोठ्या भागधारकांत आपली एलआयसीही आहे. म्हणून नियमाप्रमाणे लागेल तेवढीच ॲन्युइटी घ्या. बाकीचे टपालातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा, तिची मर्यादा सध्या 30 लाख आहे.