इटलीत एकट्याने बाइक फिरवून आलो, आता घरी नोटीस आलीये, भरू की सोडून देऊ?

नाशिकहून एका वाचकांनी लिहिलंय. सप्टेंबरमध्ये ते एकटेच इटलीला गेले, मिलानमध्ये बाइक भाड्याने घेतली, बोलोन्यावरून फुता घाट चढून टस्कनीत उतरले, किआंतीच्या द्राक्षमळ्यांतून दोन-तीन दिवस रमतगमत फिरले आणि परतताना वाट वाकडी करून स्टेल्विओ घाटही केला, २,७५७ मीटर उंची आणि एका बाजूने ४८ हेअरपिन वळणं. ट्रिप झकास झाली म्हणतात, कटकटी तेवढ्या मागून आल्या.

टस्कनीतल्या एका जुन्या शहरात त्यांचं हॉटेल तटबंदीच्या आत होतं, तिथे शिरताना कॅमेऱ्याने बाइकचा नंबर टिपला आणि ४ जानेवारीला नाशिकच्या घरी रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं, ते वडिलांनी सही करून घेतलं. एका टोलनाक्यावर कार्ड चाललं नाही, मशीनमधून एक चिठ्ठी बाहेर आली, दांडा वर गेला, हे निघाले आणि चिठ्ठी टँकबॅगमध्ये राहिली ती राहिलीच. आणि एका शेतघराच्या अंगणात खडीत साइड स्टँड रुतून उभी बाइक आडवी झाली, क्लच लिव्हर तुटला, डावा आरसा गेला, सामानाच्या पेटीवर ओरखडे आले, त्यापोटी भाड्याच्या कंपनीने कार्डवरून ९८० युरो कापले. वडील घाबरलेत. ओळखीचे एक वकीलकाका म्हणाले, फेकून दे तो कागद, इटलीवाले काय वसुलीला नाशिकला येणारेत? आता यांचा प्रश्न असा की भरू, भांडू की सोडून देऊ, आणि पुढच्या वर्षी इटलीतल्याच डोलोमाइट्स डोंगरांत जायचंय तर व्हिसा मिळेल ना.

तर आधी हे लक्षात घ्या की तुमच्याकडे पैसे मागणारे तिघं वेगळे आहेत. नगरपालिका, हायवे चालवणारी कंपनी आणि बाइक भाड्याने देणारा. तुम्ही तिघांचे कागद एकाच फाइलमध्ये लावून एकच मोठं संकट समजून बसलात म्हणून झोप उडालीये. प्रत्येकाचा कायदा वेगळा, मुदत वेगळी, आणि ज्याची मुदत सगळ्यात आधी संपतेय त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी दोन ओळी लिहिल्यात, तो म्हणजे बाइकवाला. त्याचंच आधी बघू.

तुमच्या स्टेटमेंटवर ९८० युरो ३ ऑक्टोबरला पडलेत. कार्डवरच्या व्यवहाराला बँकेमार्फत हरकत घ्यायची, म्हणजे चार्जबॅक मागायचा, तर कार्ड नेटवर्कच्या नियमांत साधारण १२० दिवस मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी ३१ जानेवारी, आणि काही बँका त्याहून कमी दिवस धरतात म्हणून महिनाअखेरीची वाट बघू नका, याच आठवड्यात डिस्प्युट फॉर्म भरा. नोटिशीच्या काळजीत ही तारीख गेली तर ८३ युरोंच्या दंडापायी त्याच्या कितीतरी पट रकमेवर पाणी सोडाल, आणि हे मला खरंच होऊ द्यायचं नाहीये.

पण हरकत कशाला घ्यायची ते नीट ठरवा. बाइक पडली ती तुमच्या ताब्यात असताना पडली. भाड्याने घेतलेल्या वस्तूचं नुकसान झालं तर ते आपल्यामुळे झालं नाही हे घेणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं, इटालियन दिवाणी संहितेच्या कलम १५८८ मध्ये तसंच आहे, आणि खडीवर स्टँड लावला तो तुम्हीच. तेव्हा 'मी काहीच देणं लागत नाही' अशी भाषा करू नका, केस तिथेच पडेल. हरकत रकमेला घ्या. तुम्ही पाठवलेला करार मी वाचला, त्यात तुमची जबाबदारी जास्तीत जास्त १,५०० युरोपर्यंत असं लिहिलंय. ही वरची मर्यादा झाली, ठरलेली किंमत नव्हे. तेवढ्यात जे प्रत्यक्ष नुकसान असेल तेच त्यांनी घ्यायचं, आणि तुम्हाला आलेल्या मेलमध्ये तर नुसतं 'डॅमेज ९८०' एवढंच आहे, कोणता पार्ट कितीचा, मजुरी किती तासांची, दुरुस्ती झाली की फक्त अंदाजपत्रक, काहीच नाही.

म्हणून आज त्यांना साध्या इंग्रजीत मेल टाका की दुरुस्तीचं पक्कं बिल पाठवा, पार्टनिहाय किंमत आणि मजुरी वेगळी दाखवा, आणि बदललेल्या पार्टचे फोटो द्या, सात दिवसांत. सोबत तुमच्याकडचे फोटो जोडा. बाइक घेताना काढलेल्या फोटोत उजव्या पेटीच्या कोपऱ्यावर जुना ओरखडा स्वच्छ दिसतोय, तो त्यांनी तुमच्या खात्यात घातला असेल तर तिथेच त्यांचा हिशोब ढिला पडतो. नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि करारातला दंड डोईजड असेल तर इटालियन न्यायाधीश तो कमी करू शकतो, हे दोन्ही त्यांना माहीत असतं, त्यामुळे मुद्देसूद मेल गेला की बऱ्याचदा काही रक्कम परत येते. नाही आली तर तोच मेल तुमच्या चार्जबॅकचा पुरावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा न बघताच फेटाळलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही.

नाशिकच्या ग्राहक आयोगात जाऊ का असंही विचारलंत. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे केस टाकता येते हे बरोबर आहे, पण त्या कंपनीचं भारतात काहीच नसेल तर आदेश घेऊन तुम्ही करणार काय? बुकिंग भारतातल्या एजंटामार्फत झालं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, तुम्ही थेट केलंय, तेव्हा तो खर्च नको.

आता ते पाकीट. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात वाहनांना मर्यादित प्रवेश असतो, त्याला तिथे झेडटीएल म्हणतात, वेशीवर कॅमेरे असतात आणि परवानगीच्या यादीत नसलेला नंबर दिसला की दंड लागतो. दुचाकीला सगळीकडे मोकळीक असते असं आपल्याकडचे बरेच रायडर धरून चालतात, मिलानच्या एरिया सीमध्ये आहे तशी, पण हे प्रत्येक नगरपालिका आपापलं ठरवते आणि तुमच्या शहरात तशी नव्हती. वेशीवरच्या पाटीवर 'वार्को आत्तीवो', म्हणजे 'वेस चालू', पेटलेलं होतं ते बघून तुम्ही चालू आहे म्हणून आत गेलात, तर चालू होता तो कॅमेरा, म्हणजे प्रवेश बंद. ही सबब तिथे कोणी ऐकणार नाही.

ऑक्टोबरात कंपनीने ४५ युरो कापले तेव्हा दंड मिटला असं तुम्हाला वाटलं, तसं नाहीये. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं ते कंपनीचं शुल्क, करारात लिहिलेलं. दंड त्याहून वेगळा. त्याची रक्कम कायद्याने ८३ ते ३३२ युरो अशी असते, नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ८३ वर ३० टक्के सूट, म्हणजे ५८ युरो १० सेंट, ६० दिवसांत भरलं तर ८३, आणि त्यानंतर कमाल रकमेचा अर्धा म्हणजे १६६. टपाल आणि प्रक्रियेचा खर्च वर. सूट तुमची हुकलीच आहे, ६० दिवस ५ मार्चला संपतात. नोटीस उशिरा आली म्हणून रद्द होईल का, तर नाही, परदेशात राहणाऱ्याला ती ३६० दिवसांत पाठवता येते आणि तुमची चार महिन्यांत आलीये.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही सहज लिहून गेलात. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या माणसाने व्हॉट्सॲपवर बाइकचा नंबर मागितला आणि तुम्ही पाठवलात. यातच सगळं आहे! बहुतेक शहरांत हॉटेलात उतरणाऱ्यांना सामान घेऊन आत यायची परवानगी मिळते, फक्त हॉटेलने नंबर पालिकेला कळवायचा असतो. तेव्हा हॉटेलला लगेच लिहा, नंबर कळवला होता का, कधी कळवला, त्याची पोच द्या. कळवला असेल आणि पालिकेच्या नोंदीत चुकला असेल, एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं, तर शहर पोलिसांना अर्ज करून दंड मागे घ्यायला सांगता येतं, आणि न ऐकल्यास ६० दिवसांत प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, अपील करता येतं. त्याला फी नाही, इटालियनमध्ये लिहावं लागतं, हॉटेलवाले सहसा एवढी मदत करतात. ठरलेल्या मुदतीत प्रीफेक्टने निर्णय दिला नाही तर अपील मान्य झालं असं धरतात. हरलात तर मात्र निदान दुप्पट, १६६ पासून पुढे. आणि साध्या अर्जाने ६० दिवसांचं घड्याळ थांबत नाही, हे विसरू नका, अर्ज टाकून निवांत बसलात की ५ मार्च निघून जाईल.

हॉटेलने नंबर कळवलाच नव्हता असं निघालं, तर माझं सरळ मत, ८३ भरा आणि हॉटेलकडे भरपाई मागा, व्हॉट्सॲपचा मेसेज तुमच्याकडे आहे, बरीच हॉटेलं अशा वेळी पुढच्या बुकिंगमध्ये वळते करतात किंवा परत देतात. एकदा भरलं की अपील संपतं, म्हणून हॉटेलचं उत्तर येईपर्यंत भरू नका, पण फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे थांबूही नका. नोटिशीवर दिलेल्या साइटवर कार्डने भरणं सगळ्यात सोपं. बँकेतून वायर करणार असाल तर फॉर्मवर सगळे चार्जेस पाठवणाऱ्याने सोसायचे हा पर्याय निवडा, नाहीतर मधली बँक पाच-दहा युरो कापते, रक्कम अपुरी पोचते आणि कायद्याने ती नुसती आगाऊ रक्कम धरून वाढीव दंडातला उरलेला भाग तुमच्या नावावर तसाच राहतो. चार युरो कमी पोचल्यामुळे पुन्हा नोटीस आलेली माणसं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं त्यांना. संदर्भात नोटिशीचा नंबर आणि बाइकचा नंबर दोन्ही टाका.

टोलचं तर आजच संपवा. ती चिठ्ठी दंडाची नाही, न भरलेल्या टोलची पावती आहे, १५ दिवसांत भरली असती तर फक्त टोल लागला असता, आता वर थोडा वसुलीखर्च चढेल. चिठ्ठीवरचा नंबर टाकून हायवे कंपनीच्या साइटवर कार्डने भरता येतं. तुम्ही नाही भरलं तर ते बाइकच्या मालकाकडे जातील, मग बाइकवाला तुमच्याकडून टोल अधिक स्वतःचं शुल्क असं दोन्ही घेईल.

वकीलकाकांच्या म्हणण्याबद्दल. एका बाबतीत ते बरोबर आहेत, नाशिकच्या घरावर कोणी जप्ती आणणार नाही. परदेशी कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट बजावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ लागतं, ते सरकारने अधिसूचित केलेल्या देशांपुरतं आहे आणि इटली त्यात नाही, शिवाय दंडाची रक्कम त्या कलमातून मुळातच वगळलीये. वडिलांना हे वाचून दाखवा म्हणजे त्यांना शांत झोप लागेल. पोस्टाने आलेली नोटीस भारतात चालतच नाही, परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलच्या हेग कराराला आपण तशी हरकत घेतलीये, असंही कोणी सांगेल, पण तो करार दिवाणी आणि व्यापारी कामांपुरता आहे, वाहतूक दंडाला तो ओढून आणू नका. आणि इटलीत ही थकबाकी पाच वर्षं जिवंत राहते, मधे वसुलीची नोटीस निघाली की पुन्हा नव्याने मोजायची, वर दर सहा महिन्यांना १० टक्के वाढ. तुम्हाला तिथे परत जायचंय, पुन्हा बाइक भाड्याने घ्यायचीये. एवढ्याशा रकमेसाठी मागे असं काही ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

व्हिसाचं म्हणाल तर शेंगेन व्हिसा कोणत्या कारणांनी नाकारायचा ते व्हिसा संहितेच्या कलम ३२ मध्ये दिलंय, खोटी कागदपत्रं, पैशाची सोय नसणं, चालू १८० दिवसांतले ९० दिवस आधीच राहून झालेले असणं, विमा नसणं वगैरे, न भरलेला ट्रॅफिक दंड त्यात नाही. इथल्या लायसन्सवरही झेडटीएलमुळे काही येत नाही. नाशिक आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सोबत होतं हे चांगलं केलंत, ते वर्षभरच चालतं, डोलोमाइट्सच्या आधी नवीन काढा आणि त्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या, नसेल आणि अपघात झाला तर तिथला विमावाला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकतो.

नोटिशीच्या पुढच्या बाजूचाच फोटो पाठवलाय तुम्ही. मागच्या पानावर कॅमेऱ्याची वेळ आणि वेशीचं नाव असतं, ते आणि हॉटेलशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट तारीख-वेळेसकट पाठवा, म्हणजे अपील करण्यात अर्थ आहे का ते नक्की सांगते.