जूनमध्ये नॉर्वेतल्या ट्रोम्सोला राहायला जातोय. तिथे उन्हाळ्यातही 6 अंश असतं का? रोजचं जगणं कसं असतं?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग आमचं पहिलं वर्ष आठवलं. तुमचंही तेच दिसतंय: मिस्टरांची नोकरी, चार वर्षांचा मुलगा, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं विमान, आणि घरचे सगळे म्हणतायत, "उन्हाळा आहे ना तिकडे, मग एवढे स्वेटर कशाला?" अ‍ॅप मात्र 6 अंश दाखवतंय. अ‍ॅपचं ऐका. स्वेटर मोठ्या बॅगेत तळाला घालू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. लांग्नेसच्या, म्हणजे इथल्या, विमानतळावर दारातून बाहेर पडल्या पडल्या लागतो.

आम्ही 2018 च्या मे महिन्याच्या शेवटी आलो. सांगलीत पारा चाळिशीला टेकलेला असताना निघालेली माणसं आम्ही. उन्हाळा म्हटलं की डोक्यात एकच चित्र. इथे उतरलो तर लख्ख ऊन, निळं आभाळ, आणि तोंडातून वाफ निघतेय. डोळे सांगतायत मे महिना, कान सांगतायत महाबळेश्वरचा डिसेंबर. जूनभर असंच चालतं. तापमान किती यापेक्षा ही गोष्ट अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो.

असं का होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे रोज अ‍ॅप बघून चिडचिड होणार नाही. ट्रोम्सो साडेएकोणसत्तर अंश उत्तरेच्याही वर आहे. साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण तो वरही फार चढत नाही. 21 जूनच्या दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 44 अंशांवर असतो. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशीही, दुपारी तो 48 अंशांवर असतो. म्हणजे इथलं ऐन उन्हाळ्यातलं ऊन आपल्या हिवाळ्यातल्या उन्हापेक्षा तिरपं. त्यात डोंगरांवर बर्फ असतोच आणि चारी बाजूंना समुद्र. अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे हा समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, त्याचे उपकार आहेत. पण जूनमध्येही तो सात-आठ अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि वारा उत्तरेचा असला की तो त्याच्यावरून येतो. वारा आग्नेयेचा झाला की एका दिवसात वीस-बावीस अंश! मग सगळं गाव अर्ध्या चड्डीत. दोन दिवसांनी पुन्हा सहा. जूनची सरासरी नऊ-दहा अंश असते, पण सरासरीचा दिवस क्वचितच उगवतो.

इथले लोक या थंडीकडे लक्षच देत नाहीत. त्यांचा उन्हाळा उजेडावर ठरतो. उजेड आला म्हणजे उन्हाळा आला, मग अंगावर काहीही असो. 17 मे हा इथला राष्ट्रीय दिवस, 1814 च्या राज्यघटनेचा. लहान मुलांची मिरवणूक निघते, सगळे नटूनथटून पारंपरिक कपड्यांत, मुलांनी हवं तेवढं आइस्क्रीम खायचं अशी मुभा. आमच्या पहिल्याच 17 मेला चक्क बर्फाचे भुरके पडत होते. मुलांच्या हातमोज्यात झेंडा, दुसऱ्या हातात आइस्क्रीम. मी बघत राहिले. शेजारच्या आजींनी हळूच सांगितलं, त्या सुंदर भरतकामाच्या झग्याखाली सगळ्यांनी लोकरीची लांब पँट घातलेली असते.

याच आजी मे महिन्यात अंगणातल्या बर्फाच्या ढिगावर फावडं मारत होत्या. मला वाटलं रस्ता करतायत. तर नाही, ढीग फोडून बर्फ उन्हात पातळ पसरवत होत्या, लवकर वितळावा म्हणून. आपल्याकडे धान्य वाळत घालतात तसा. त्यांनी सांगितलं, 29 एप्रिल 1997 ला गावात 240 सेंटिमीटर बर्फ साचलेला होता, तो इथला विक्रम. त्या वर्षाची गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो, जसं आमच्याकडे 2005 आणि 2019 च्या पुराचं.

आता तुमच्या मुलाबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. बार्नेहागे म्हणजे बालवाडी. तिथे मुलं रोज बाहेर खेळतात, पाऊस असो, वारा असो. "आज गारठा आहे, आत ठेवा" असं सांगून बघू नका, शिक्षिका गोंधळून जाईल. दुपारची झोपसुद्धा छोटी बाळं बाहेर बाबागाडीतच घेतात. पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता, आता काही वाटत नाही. बालवाडीतून कपड्यांची यादी येते. आत लोकर, तिला इथे 'ऊल' म्हणतात. बनियन आणि पायजमा, दोन जोड. वर जाकीट. पावसासाठी 'रेनड्रेस'. हे ऐकून आईला वाटलं होतं की नातवाला फ्रॉक घालतात, पण तो रबरासारख्या कापडाचा खांद्यावरून पट्टे असलेला पायजमा आणि वर कोट असतो. गमबूट. टोपी, पातळ हातमोजे. आणि त्याच यादीत शेवटी सनस्क्रीन! कानटोपी आणि सनस्क्रीन एकाच पिशवीत, हाच इथला जून. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, मोज्यावरसुद्धा. सगळ्या मुलांचे मोजे निळेच असतात.

सुती कपडे कमी आणा. ही चूक मी केली. आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या लोकांनी 'तूर'ला बोलावलं. तूर म्हणजे डाळ नव्हे, पायी फिरायला जाणं. या लोकांचा अर्धा धर्म तोच आहे. गावासमोर पुलापलीकडे एक डोंगर आहे, त्यावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या बाराशेहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. वर 421 मीटरवर केबल कारचं स्टेशन. मी जीन्स आणि जाड सुती हुडी घालून निघाले, रात्री नऊ वाजता, अगदी उन्हात. पायऱ्या चढताना घामाने भिजले. वर पोचले तर वारा, आणि शेवटच्या टप्प्यात घोट्याएवढा ओला बर्फ. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही, अंगाला गार फडक्यासारखं चिकटतं. दात वाजायला लागले. बरोबरच्या एका बाईने काही न बोलता आपल्या पिशवीतून लोकरीचं जास्तीचं बनियन काढून दिलं, खडकाच्या आडोशाला बदलायला लावलं. तिच्या पिशवीत ते होतंच, जूनमध्ये, उन्हात. तेव्हापासून माझ्याही असतं. लोकरीचे कपडे मात्र इथेच घ्या, भारतातून आणू नका. सेलमध्ये आणि वापरलेले चांगले मिळतात.

घरात थंडीचा त्रास होत नाही हे आधीच सांगते. भिंती जाड, खिडक्यांना तिहेरी काचा, हीट पंप. उत्तर नॉर्वेत घरगुती विजेवर व्हॅट नाही, त्यामुळे लोक हात आखडून हीटर लावत नाहीत. आणि बहुतेक बाथरूमच्या फरशीखाली तारा असतात, फरशी कोमट राहते. इथल्या मराठी घरांत तिचा खरा उपयोग दही लावायला होतो. टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं रात्री तिथे ठेवायचं, सकाळी सुरीने कापावं असं दही. इडलीचं पीठही तिथेच फुगतं. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पाय पडतो.

झोपेचं मात्र गांभीर्याने घ्या. तुमचा मुलगा रात्री साडेदहाला खिडकीतून बाहेर बघेल, तर बाहेर पाच-सहा मुलं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत असतील, आणि तुम्ही त्याला म्हणणार, "झोप, रात्र झाली." तो का ऐकेल? आमच्याने तर सरळ विचारलं होतं, "आई, रात्र कुठाय?" पूर्ण काळे पडदे पहिल्याच दिवशी लावा. पडदे येईपर्यंत आम्ही सामानाचे खोके कापून काचांवर चिकटवले होते, कडेने फटी राहिल्या तिथे स्वयंपाकघरातली फॉइल. मोठ्यांचंही घड्याळ बिघडतं. शेजारी रात्री अकराला गवत कापतो, पलीकडचे भिंतीला रंग देतात, कारण पाऊस नाही आणि उजेड आहे, मग थांबायचं कशाला? आमची एक बाल्कनी उत्तरेला आहे. वर्षभर तिथे ऊन म्हणून नाही, पण या दोन महिन्यांत मध्यरात्री तिच्यात ऊन येतं. सूर्य सगळ्यात खाली असतो तो घड्याळात रात्रीचा पाऊण वाजलेला असताना. मी रात्री दहाला कपडे तिथे वाळत घालते. सकाळपर्यंत निम्मे वाळतात, वारा असला तर सगळे.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही, डाळी-मसाले मिळतात, महाग मिळतात. फक्त एक गोष्ट. जूनमध्ये कुणीतरी तुम्हाला रुबार्बची जुडी देईल. लाल-हिरवे जाड देठ, प्रत्येकाच्या अंगणात येतात, थंडीतही वाढतात. चवीला चुक्यासारखे आंबट. आमटीत चिंचेऐवजी घालते मी, आणि गूळ-मोहरी घालून लोणचं. पण पानं चुकूनही खाऊ नका, विषारी असतात. आपला हात पानांच्या भाजीकडे आपोआप जातो म्हणून सांगते. दुसरं, रस्त्याच्या कडेला मोठ्या छत्रीएवढ्या पानांचं एक झाड दिसेल, त्याला इथे ट्रोम्सोपाल्मे म्हणजे ट्रोम्सोचा माड म्हणतात. दिसायला झकास, पण त्याचा चीक अंगाला लागून ऊन लागलं की फोड येतात. मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

व्हिटॅमिन डीबद्दल बालवाडीत विचारतील. इथला जुना नियम असा की ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या महिन्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल घ्यायचं. माई, यूनी, यूली, औगुस्त यांत र नाही, म्हणून सुट्टी. शाकाहारी असाल तर डॉक्टरांना थेंबांचं विचारा.

गाडी घेणार असाल तर टायरचं एक लक्षात ठेवा. बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर या भागात एरवी 30 एप्रिलपर्यंतच चालतात. एका वर्षी मी नियमाप्रमाणे बदलले आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. चार दिवस बसने गेले.

आता ज्याची कल्पनाच कुणी देत नाही ते सांगते. 2025 च्या जूनमध्ये आई आली होती. तिची संकष्टी असते, गेली चाळीस वर्षं. शनिवार होता, तिने मोदकांची तयारी केली आणि विचारलं, "इथे चंद्रोदय किती वाजता?" मी फोनवर बघितलं, तर त्या दिवशी इथे चंद्र उगवतच नव्हता. म्हणजे ढगाआड नव्हे, क्षितिजाच्या वर येणारच नव्हता. हिवाळ्यात सूर्य जिथून फिरतो, उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तिथून फिरतो, त्यामुळे जूनमध्ये तो इथे कधी कधी सलग काही दिवस दिसत नाही. आई खुर्चीत बसली. "मग इथले लोक उपास सोडतात तरी कसे?" म्हटलं, इथे संकष्टी करणारी तू एकटीच असशील. शेवटी सांगलीला मावशीला फोन लावला. तिकडे दहा वाजून गेलेले, आभाळ भरलेलं, चंद्र तिलाही दिसत नव्हता, पण कालनिर्णयात वेळ होती. आपण उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे. मावशीने "हं, झाला" म्हटल्यावर आईने इकडे बाल्कनीत, संध्याकाळी पावणेसातच्या कडक उन्हात, अंगावर शाल घेऊन अर्घ्य दिलं आणि जेवायला बसली. म्हणाली, "चंद्र नाही मिळाला, पण उपास लवकर सुटला."

तेव्हा कालनिर्णय आणा, इथल्या दुकानात मिळत नाही. आणि रेनड्रेस घेऊ नका एवढ्यात. आमच्या मुलाचा 110 मापाचा पडून आहे, गुडघ्याला एक ठिगळ आहे पण पाणी आत येत नाही. आलात की इथेच खाली कळवा.