पाचट कुजतंय का? सक्रिय कर्बाची तपासणी रंगावरून

प्रश्न : उसाच्या दोन खोडव्यांपासून (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून आलेल्या पिकांपासून) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, न जाळता सरीतच कुजवतोय. तरी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४८ वरून ०.५० टक्क्यांवरच आला. पाचट कुजत नाही की तपासणी चुकते? प्रकाशावर चालणारी तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : एवढा फरक नमुना घेण्यातल्या आणि तपासणीतल्या चुकीतही बसतो, म्हणून त्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचटात साधारण ४० टक्के कर्ब असतो, पण कुजताना त्यातला मोठा भाग जिवाणूंच्या श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. वरच्या १५ सें.मी. थरात हेक्टरी सुमारे २० लाख किलो माती असते. तिच्यातला एकूण कर्ब हलायला वर्षं लागतात. आधी हलतो तो सक्रिय कर्ब, म्हणजे जिवाणूंना सहज खाता येणारा भाग. तोच मोजून घ्या.

पद्धत अशी. सावलीत वाळवून २ मि.मी. चाळणीतून गाळलेली २.५ ग्रॅम माती घेतात. त्यात ०.०२ मोलर (मोलर म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) पोटॅशियम परमँगनेटचं २० मि.लि. द्रावण घालून बरोबर २ मिनिटं हलवतात आणि १० मिनिटं निवळू देतात. वरचं ०.५ मि.लि. द्रावण घेऊन शुद्ध पाण्याने ५० मि.लि. करतात आणि कलरीमीटरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, ५५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीला शोषण (द्रावणाने शोषलेला प्रकाश) मोजतात. सक्रिय कर्ब जितका जास्त, तितका जांभळा रंग फिका. ०.००५ ते ०.०२ मोलरच्या प्रमाण द्रावणांच्या (आधीच माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणांच्या) आलेखावरून उरलेलं परमँगनेट कळतं. ते ०.०१२५ मोलर निघालं, तर ०.०२ मधून वजा करून ७२,००० ने गुणा : ५४० मि.ग्रॅ. प्रति किलो.

चुका बहुधा इथे होतात. ऊसपट्ट्यातल्या काळ्या मातीची चिकण लवकर खाली बसत नाही, म्हणून परमँगनेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड असलंच पाहिजे. द्रावण गढूळ राहिलं तर प्रकाश अडतो, यंत्राला रंग गडद वाटतो आणि कर्ब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. वेळ लांबली तर उलट होतं. परमँगनेट खर्च होतच राहतं आणि आकडा फुगतो. माती पिठासारखी कुटली तरीही फुगतो. रंग पूर्ण गेला, तर कमी माती घेऊन पुन्हा तपासावं लागतं. परमँगनेट उजेडात बिघडतं. ते तपकिरी बाटलीतच ठेवलेलं असावं.

नमुना घेणं तुमच्या हातात आहे आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. तोडणीनंतर, खत देण्याआधी, पाचट बाजूला सारून ० ते १५ सें.मी. खोलीची माती घ्या. न कुजलेले तुकडे वेचून काढा, नाहीतर ते चाळणीतून उतरून आकडा बिघडवतात. उन्हात वाळवू नका. दरवर्षी त्याच प्लॉटमधून, त्याच महिन्यात नमुना द्या आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत.

अवरक्त किरणांची तपासणी (एफटीआयआर) कंपोस्टसाठी उपयोगी आहे : कुजण्याबरोबर तिच्या आलेखातलं २९२० (तरंगसंख्या, प्रति सें.मी.) जवळचं शिखर खाली येतं आणि १६३० चं त्या मानाने वाढतं. मातीत मात्र १०३० च्या आसपास सिलिकेट (मातीतली खनिजं) आणि कर्बोदकं यांची शिखरं एकमेकांवर चढतात, आणि चुनखडीचं शिखर १४३० जवळ येतं. चुनखडीयुक्त जमिनीसाठी त्यावर पैसे घालवू नका.

जमीन खारवट असेल तर माती परीक्षणातल्या नेहमीच्या डायक्रोमेट (रसायन वापरून सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या) तपासणीतही क्लोराइडमुळे सेंद्रिय कर्ब जास्त दिसतो. नमुन्यासोबत 'खारवट' असं लिहून द्या.

पाचट खरंच रेंगाळत असेल, तर बहुधा नत्र आणि ओल कमी पडते. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, पाचट मातीच्या संपर्कात येईल असं दाबा आणि हलकं पाणी द्या. युरिया कोरड्या पाचटावर तसाच पडून राहिला, तर त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो.